मिसरीची बैठक

ये गं, अशी उंबऱ्यात अवघडून उभी राहू नकोस. इकडे माझ्याजवळ ये, पाय वर घेऊन नीट बैस. आणि त्याआधी तोंडातलं ते थुंकून ये बघू. जेवण झालं रे झालं की तुझा हात पर्समधल्या त्या पुडीकडे जातो, दोन दिवस बघतेय मी. मघाशी टोकलं तर काय म्हणालीस? “आत्या, गोड सुपारी आहे, यात तंबाखू नाही.” शिकलीसवरलेली पोर तू. नुसत्या सुपारीनंही तोंड बिघडतं, हे सातवीतून शाळा सुटलेल्या बाईनं तुला सांगायचं का? पण मला खरा राग आला तो तुझ्या त्या वाक्याचा. तेच वाक्य, जवळपास त्याच शब्दांत, मी एकदा जळगावच्या एका डॉक्टरांना अगदी खात्रीनं सांगितलं होतं. खोटं नव्हते बोलले. मला तेच खरं वाटत होतं. ते कसं झालं ते आज सांगते, आणि सांगता सांगता वहीत लिहूनही ठेवते.

माझं लग्न होऊन मी धुळ्याहून असोद्याला आले तेव्हा त्या घरात दोन बायका होत्या. एक माझी सासू, तिला सगळे माय म्हणायचे. दुसरी माझी थोरली जाऊ, तिला मी अक्का म्हणायचे. घर मोठं नव्हतं, पण शेत होतं, केळी आणि कपाशी, त्यामुळे कामाला अंत नसायचा. मी सांगतेय ते ऐंशीच्या पुढच्या वर्षांचं. गावात नळ आला होता, गॅस काही मोजक्या घरांत आला होता, आमच्याकडे चूलच होती.

त्या घरात मी पहिल्यांदा मिसरी भाजताना पाहिली. खाली पुणे-साताऱ्याकडे तिला मशेरी म्हणतात. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पाट्यावर वाटायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळायची आणि ती काळी पूड डबीत भरून ठेवायची. बोटानं दातांना, हिरड्यांना लावायची. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात हे काम चालायचं. त्यासाठी वेगळा तवा होता, भाकरीच्या तव्याला तो लागू द्यायचा नाही. भाजताना असा ठसका उठायचा की शेजारची म्हैस शिंकायची. गल्लीतल्या बायका भिंतीवरून विचारायच्या, “भाजू रायल्या का व? माझ्यासाठी थोडी ठेवजा.”

मग ती लावायला बसायची. सकाळी एकदा, दुपारी भांडी घासून झाल्यावर एकदा, आणि दिवेलागणीच्या आधी एकदा. मागच्या दाराच्या पायरीवर माय, अक्का आणि शेजारच्या दोघी-तिघी ओळीनं बसत. तोंडात मिसरी असली की बोलता येत नाही, थुंकी सांभाळावी लागते. त्यामुळे एक अलिखित कायदा झाला होता. मिसरी लावून बसलेल्या बाईला काम सांगायचं नाही. हाक मारायची नाही, कारण ती ओ देऊ शकत नाही. मायसारखी कडक सासूसुद्धा हा कायदा पाळायची. अक्कानं तोंडात बोट घातलं की अर्धा तास अक्का कोणाची नव्हती.

मी धुळ्याची, आमच्या घरी कडुलिंबाची काडी आणि राखुंडी. मी लावत नव्हते. म्हणून काय व्हायचं, तर त्या सगळ्या ओळीनं बसल्या की घरात हाक मारण्याजोगं एकच तोंड उरायचं, माझं. सासरे म्हणायचे पाणी दे, दीर म्हणायचे चहा ठेव, पोरं म्हणायची भूक लागली. मी घरात धावायचे आणि उघड्या दारातून मला त्या बायकांच्या पाठी दिसायच्या. निवांत, वाकलेल्या, गप्प पाठी.

दोन महिन्यांत मी मिसरी शिकले. पहिल्या दिवशी डोकं गरगरलं, उलटी झाली. अक्का हसून म्हणाली, “व्हते व्हते. पोटूशी हायेस असं समजतीन लोकं, घाबरू नको.” चौथ्या दिवशी काही झालं नाही. आठव्या दिवशी मीही त्या ओळीत बसले होते आणि घरातून कोणी तरी मारलेली हाक माझ्या पाठीवरून जात होती. तंबाखूची नशा म्हणशील तर ती नंतर आली असेल. मला आधी चटक लागली ती त्या बसण्याची.

आता अक्काबद्दल सांगते. उंच, हाडापेरानं मोठी बाई. केळीचा घड कापून झाला की तो खांद्यावर घ्यायला पुरुष पुढे व्हायचे, ही आधीच उचलून चालू लागलेली असायची. बोलण्यात तिखट आणि खाण्यात त्याहून तिखट. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा असा थापायची की आम्हाला बघून पाणी सुटावं, डोळ्यांना. एका दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की ही भाकरी दुधात कुस्करून खातेय. माझ्याआधी ते मायच्या लक्षात आलं होतं.

“दूध-भाकर खायाले तू काय बाळंतीन हायेस?” माय म्हणाली.

“तोंड आलंय,” अक्का म्हणाली. “तिखट झोंबू रायलं.”

तोंड येणं म्हणजे काय मोठं? हळद-मध लावलं, तूप लावलं, कात लावला, जाईची पानं चावून झाली. चहासुद्धा ती बशीत ओतून गार करून प्यायला लागली. दीड-दोन महिने गेले. एका सकाळी ती अंगणात चूळ भरत होती, मी म्हटलं, “अक्का, बघू.” तिनं खालचा ओठ बोटानं ओढून दाखवला. आतून डाव्या बाजूला, जिथं ती मिसरीची चिमूट दाबून ठेवायची नेमकं तिथं, एक पांढरा चट्टा होता. दुधावरची साय चिकटून राहावी तसा. मी नखानं हलकं खरवडून बघितलं. निघेना.

दिरांना सांगून आम्ही दोघी बसनं जळगावला गेलो. मी बरोबर जायचं कारण असं की धुळ्याची असल्यानं मला शहरातलं बोलणं जमतं, असं घरात ठरलं होतं. डॉक्टर, तलाठी, मास्तर, सगळ्यांशी बोलायला मी. मला त्याचा थोडा तोराही होता, खोटं कशाला सांगू.

दवाखाना माणसांनी भरलेला. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी अक्काच्या तोंडात बॅटरी मारली, चट्टा बघितला आणि विचारलं, “तंबाखू खातात का या?”

प्रश्न अक्काला होता. उत्तर मी दिलं. “छे हो डॉक्टर. आमच्या घरात बायका तंबाखूला शिवत नाहीत.”

अक्कानं मान हलवली. नाही म्हणून.

“दात काळे कशानं झालेत?”

“दंतमंजन लावतो आम्ही. घरी करतो,” मी म्हटलं.

हे सगळं आमच्या हिशेबानं खरं होतं. तंबाखू म्हणजे जी पुरुष तळहातावर चुना घालून मळतात आणि गालात ठेवतात ती. ती खायची वस्तू. मिसरी भाजलेली असते, विस्तवानं तिच्यातलं जे काय वाईट ते जळून गेलेलं असतं, ती दात घासायची वस्तू. इतकी वेगळी, की माय निर्जळी एकादशी करायची, पाण्याचा थेंब घ्यायची नाही, पण त्या दिवशी तिन्ही वेळा मिसरी लावायची. उपासाला चालणारी गोष्ट तंबाखू कशी असेल?

डॉक्टरांचा काही दोष नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्या, लावायला औषध दिलं आणि बजावलं, “पंधरा दिवसांत हा चट्टा गेला नाही तर परत या. नक्की या.” औषधानं झोंबणं थोडं कमी झालं. झोंबणं कमी झालं म्हणजे दुखणं बरं झालं असं आम्ही धरलं. चट्टा होता तिथंच होता. मग कपाशीची शेवटची वेचणी आली, मग केळीची कापणी, मग घरात एक लग्न. आम्ही परत गेलो नाही. अक्का गोळ्या संपेपर्यंत घेत होती आणि दिवसातून तीन वेळा त्याच चट्ट्यावर मिसरी दाबत होती. शेजारी बसून मीही.

आखाजीला मी माहेरी धुळ्याला गेले. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण, तुला माहीतच आहे. लिंबाला झोके बांधलेले, गौराईची गाणी, घरात खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. सणाच्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात डबी उघडून बसले. माझी मावशी तिथंच आंब्यांचा रस काढत होती. ही मावशी धुळ्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, सणाची रजा घेऊन आली होती.

“कवयपासून तंबाखू लावस तू?” कधीपासून, असं तिनं विचारलं. मावशी दवाखान्यात शुद्ध बोलायची, घरी आली की अहिराणी.

मी चूळ भरून म्हटलं, “तंबाखू नाही मावशी, मिसरी शे.”

“मिसरी कसानी करतस?”

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग म्हटलं, “तंबाखूनी.”

 मावशी आंबा पिळत राहिली. मला वाटलं आता ती रागावेल, पण तसं काही झालं नाही. मग मीच आपणहून, बोलायचं म्हणून, अक्काच्या चट्ट्याचं सांगितलं. सांगता सांगता मावशीचा हात थांबला. कुठं आहे, किती मोठा, खरवडून निघतो का, कधीपासून, असं एकेक तिनं विचारलं. शेवटी विचारलं, “डॉक्टरले सांगं व्हतं ना, मिसरी लावतस म्हणून?”

“त्यांनी तंबाखू खाता का असं विचारलं. मी नाही म्हटलं.”

तेव्हा तिनं हात धुतले. पदराला पुसले. आणि शुद्ध मराठीत बोलायला लागली, तेव्हा मला कळलं की ही आता मावशी नाही, नर्स बोलतेय. खेड्यापाड्यांतून अशा पांढऱ्या चट्ट्याच्या बायका त्यांच्याकडे येतात, म्हणाली. काहींचं नुसतं मिसरी सोडून बरं होतं. काही उशिरा येतात. तंबाखू भाजली म्हणून तिच्यातलं विष जात नाही, उलट भाजून आणखी काही तयार होतं. आणि ती खाल्ली काय, घासली काय, हिरडीला सगळं सारखंच. “कॅन्सर असेलच असं मी म्हणत नाही. पण नसेल असंही तुला घरी बसून म्हणता येणार नाही. तू उद्या जा.”

“उद्या? सण...”

“आजच जा. आनि त्या डॉक्टरले बठ्ठं सांग. काईच दपाडू नको.”

बठ्ठं म्हणजे सगळं, आणि दपाडायचं नाही म्हणजे लपवायचं नाही. मी काही लपवलं नव्हतं, पण ते तिला सांगून उपयोग नव्हता.

आखाजीच्या ऐन दिवशी लेक माहेराहून सासरी निघाली, असं आमच्या गल्लीनं तोवर पाहिलं नव्हतं. आईनं पुरणपोळ्या बांधून दिल्या आणि शेजारणींना काय सांगायचं याची चिंता करत राहिली. धुळे-जळगाव बस जवळजवळ रिकामी होती. असोद्यात पोचले तर तिथंही गल्ली झोक्यांवर. मायनं मला दारात बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“भांडून आली का काय व?”

“नाही माय.”

“मंग कोनी मेलं का?”

“नाही माय.”

“मंग सनाच्या दिवशी तोंड घेऊन कायले आली?”

अक्का झोक्यावर होती, दोन पोरी मांडीवर घेऊन. तिला मागच्या दारी नेलं आणि पायरीवर बसवून सगळं सांगितलं. मावशी काय म्हणाली ते, आणि मी डॉक्टरांना काय म्हणाले होते ते. दुसरं सांगणं जड गेलं. अक्कानं ऐकून घेतलं. तिची नजर समोरच्या, मिसरी वाटायच्या पाट्यावर गेली. मग म्हणाली, “म्हंजे ती तंबाखूच हाये.”

“हो.”

“मिसरी तंबाखूच हाये,” ती परत म्हणाली, जणू रोजच्या वाटेवरचं एखादं घर तिला आज पहिल्यांदा दिसत होतं.

माय पाठीमागे उभी राहून ऐकत होती. तिला हे अजिबात पटलं नाही. “माह्या मायनं लावली, माह्या आजीनं लावली. मले पाह्य. काय झालं मले?” आणि तिनं आपलं काळं, धडधाकट तोंड उघडून दाखवलं.  मायला खरंच शेवटपर्यंत काही झालं नाही. असंही होतं. मावशीला नंतर विचारलं तर म्हणाली, रस्ता न बघता ओलांडणारी सगळीच माणसं गाडीखाली येत नाहीत.

जळगावच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी आधी तेच सांगितलं, की मागच्या वेळी मी चुकीचं उत्तर दिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. मिसरी किती वर्षं, दिवसातून किती वेळा, कुठं दाबता, सगळं विचारून घेतलं. परत बॅटरी मारली. चार महिन्यांत चट्टा पसरला होता आणि मधे एक तांबडा ठिपका आला होता. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, तिथं तुकडा काढून तपासतील म्हणाले. आणि मग आम्हा दोघींकडे बघून म्हणाले, “कमी करू नका, बंद करा. दोघीही.” माझे दात त्यांनी न विचारताच बघितले होते.

आणखीही सांगितलं. पानसुपारी नको. पालेभाजी, फळं रोज खा, घरातल्या पुरुषांना वाढून उरलेलं नव्हे, स्वतःसाठी वाढून घेऊन. रोज सकाळी चूळ भरताना आरशात तोंड आतून बघा. तोंडातली कुठलीही जखम, चट्टा, गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर दुखत नसली तरी दाखवायला या. अक्का मधेच म्हणाली, “दुखत नसनं तर दवाखान्यात कोन येतं डॉक्टरसाहेब?” ते म्हणाले, “तेच तर.”

धुळ्याला आम्ही माझ्या आईकडे उतरलो. तुकडा काढला, टाके घातले, आणि उत्तर यायला काही दिवस लागणार होते. ते दिवस मला चांगले आठवतात. अक्काला मिसरी नव्हती. डोकं दुखायचं, पोट साफ होईना, चिडचिड व्हायची. माझंही तेच, पण मला लाज होती म्हणून मी गप्प. आईनं तिला पाटावर बसवून ठेवलेलं, कामाला हात लावू द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, “मले काही तरी काम द्या व. अशी नुसती कशी बसू?” मी म्हटलं, घरी अर्धा-अर्धा तास बसत होतीस की. तर म्हणाली, “ते बसनं नव्हतं. मी तं दात घासत होती.”

मावशीनं उत्तर आणलं. ती दारातूनच म्हणाली, “कॅन्सर नही शे.” मग आत येऊन बाकीचं सांगितलं. अजून नाही. पण पेशी बदलायला लागल्या आहेत, तो चट्टा त्या वाटेवर आहे. सगळा काढून टाकावा लागेल. आणि परत मिसरी लावली तर पुन्हा होईल, शेजारी होईल. 

चट्टा काढला. ओठ आतून शिवला गेला, बोलताना एका बाजूला जरा ओढला जायचा. परत येताना बसमध्ये मी तिला म्हटलं, “अक्का, मी त्या दिवशी नाही म्हटलं म्हणून चार महिने गेले.”

तिनं खिडकीतून नजर न वळवता उत्तर दिलं, “तू म्हटलं. पन तोंड माह्यं होतं. मी काय मुकी होती? मान मीच हालवली ना.” थोड्या वेळानं म्हणाली, “पन आता एक कर. डॉक्टर मले इचारीन तवा मलेच बोलू दे.”

असोद्याला आल्यावर खरी अडचण सुरू झाली. तलफ होतीच, पण ती महिन्या-दीड महिन्यात विरत गेली. डॉक्टरांनी, मावशीनं ज्याचं नाव घेतलं नव्हतं ती अडचण वेगळी होती. दुपारी भांडी झाली, माय आणि शेजारणी डब्या घेऊन पायरीवर बसल्या. अक्काकडे डबी नव्हती. म्हणून मग, “अक्का, जरा पाणी,” “अक्का, कोंबड्या हाकल,” “वहिनी, चहा.” माझंही तसंच. आम्हा दोघींची तोंडं रिकामी होती, म्हणजे आम्ही रिकाम्या होतो. दिवसातला तो दीड तास आमच्या हातून गेला. मला खात्री आहे, त्या गल्लीत ज्या बायकांनी सोडून पुन्हा धरली त्यांतल्या निम्म्या तरी तंबाखूकडे नाही, त्या पायरीकडे परत गेल्या. एका दुपारी मी अक्काला मायच्या डबीकडे बघताना पाहिलं. ती डबी हातात घेऊन उभी होती. उघडली नव्हती.

मला बघून तिनं डबी खाली ठेवली. सरळ मागच्या दारी गेली आणि पायरीवर, मायच्या शेजारी, नेहमीच्या जागेवर बसली.

आतून भाऊंची हाक आली. भाऊ म्हणजे माझे दीर, तिचे यजमान. अक्का उठली नाही.

मायच्या तोंडात मिसरी होती. तिनं खुणेनं विचारलं, जा ना, कायले बसली?

“मी बसनार हाये,” अक्का म्हणाली. “रोज बसनार हाये. दुपारी आनि संध्याकाळी.”

मायला थुंकावं लागलं. “तोंडात काही नही तं कायले बसते?”

“रिकाम्या तोंडानं बसते.”

“लोकं काय म्हनतीन?”

“म्हनतीन, पाटलाची मोठी सून बसली हाये. बसली तं बसली.” मग मागं वळून मला हाक मारली, “तू बी ये व. आनि भाऊले सांग, चहा पाह्यजे तं चूल तिथीच हाये.”

मी भाऊंना तसं सांगितलं नाही, तेवढं धाडस नव्हतं. चहा ठेवला, दिला, आणि मग जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून चहा आधी व्हायला लागला. भाऊंना आधी राग आला. पण आपल्या बायकोच्या ओठाचे टाके त्यांनी बघितले होते. आठ-पंधरा दिवसांनी ते स्वतःच हाक मारेनासे झाले.

माय आमच्या शेजारी बसून मिसरी लावतच राहिली, मरेपर्यंत. फरक एवढा पडला की आम्ही बोलायला लागलो. पूर्वी त्या पायरीवर शांतता असायची, आता मायला बोलता यायचं नाही आणि आम्ही दोघी तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायचो. ती डोळे वटारायची, मान हलवायची, शेवटी न राहवून थुंकून भांडायला यायची. त्यामुळे तिची मिसरीही निम्म्यावर आली, असं अक्का म्हणायची.

हातातोंडाला काही तरी हवं म्हणून पदरात भाजलेले हरभरे, कधी पेरू, कधी गाजर, घरचीच केळी. संध्याकाळची बैठक आम्ही मळ्याच्या वाटेवर नेली, चालत जायचो आणि चालत यायचो. चालण्यानं तब्येत राहते, कॅन्सरचा धोका कमी होतो, हे खूप पुढे पेपरात वाचलं. तेव्हा आम्हाला फक्त घरातल्या हाकांच्या पलीकडे जायचं होतं.

तीन-तीन महिन्यांनी तपासणीला धुळ्याला जायचं. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, “काय, कसं आहे?” मी सवयीनं तोंड उघडलं आणि अक्कानं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. मग ती बोलायला लागली. मिसरी कशी बंद केली, कितव्या दिवशी पोट साफ झालं, कुठली भाजी रुचते, ओठ कसा ओढतो, झोप कशी लागते, मधे एकदा डबी हातात घेतली होती तेही. डॉक्टर दोनदा घड्याळाकडे बघून शेवटी खुर्चीला टेकून ऐकायला लागले. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “बठ्ठं सांगितलं. तुही मावशी म्हनत होती ना, बठ्ठं सांगा.” अहिराणीचा तो शब्द तिनं मावशीकडून उचलला होता.

नव्वदचं दशक सुरू झालं तेव्हा तपासणी वर्षातून एकदावर आली. गावात टपऱ्यांवर पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या त्याच सुमारास. मिसरी भाजायचा ठसका गल्लीतून कमी होत गेला आणि पोरांच्या खिशांत पुड्या आल्या. अक्का रस्त्यात कोणालाही थांबवून म्हणायची, “तोंड उघड पाहू.” पोरं पळायची. बायका मात्र थांबायच्या. दोघींना तिनं स्वतः बसमध्ये घालून दवाखान्यात नेलं. एकीचं वेळेवर कळलं. दुसरीचं नाही. ती दुसरी पायरीवर अक्काच्या उजव्या हाताला बसायची. तिच्याबद्दल अक्का कधी बोलत नाही, मीही इथं थांबते.

पण अक्का आहे. मी पोराकडे जळगावला राहायला आले, ती असोद्यालाच आहे, ऐंशीच्या पलीकडे गेली. ऐकू कमी येतं, गुडघे धरलेत, बसची पायरी चढवत नाही, म्हणून इकडे येणं बंद झालं. जो जाईल त्याला ती सगळं पहिल्यापासून सांगते, माझ्या त्या ‘नाही’सकट, आणि सांगताना मला अजिबात सोडत नाही. ते माझ्या तोंडून ऐकलंस, पण ते ज्या तोंडाचं आहे त्या तोंडून तू ऐकायला हवं. उद्या तू निघतेस, या खेपेला जमायचं नाही, कळतं मला. पण घरी गेल्यावर सुट्टीची वाट बघत बसू नको. रविवारी सकाळी निघालीस तर दुपारपर्यंत पोचशील, मी स्टँडवर येते, आपण दोघी मिळून असोद्याला जाऊ. ये गं, लवकर ये.